मिलूशेबाईंचा निरोप

किटलीचं झाकण खडखडलं आणि मी पेन टाकून धावले. माझी लेक पोलेंका नुकती झोपली होती. तिची दुपारची झोप हाच माझा लिहायचा वेळ. शुक्रवारी दहनगृहाच्या सभागृहात मिलूशेबाईंचा निरोप होता. पाद्री नाही, प्रार्थना नाही. गेलेल्या माणसाबद्दल मी बोलायचं, त्याच्या आवडीचं गाणं लावायचं, मग शवपेटीपुढे पडदा ओढायचा. आमच्या गावात बहुतेकांचं असंच होतं.

मिलूशेबाई शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करायच्या. मीही त्यांच्याच हातचं जेवून वाढले. त्यांची बहीण द्राहाबाई सकाळीच येऊन सांगून गेली होती, "शेपूचा रस्सा घाल हं भाषणात. अख्ख्या गावानं नाक मुरडत खाल्लाय तो."

"त्यांना आवडायचा?"

"तिला? वासानं मळमळायचं! पण पोरांना दटावायची, 'गपचूप गिळा, मीपण गिळतेच आहे.'"

तेच वाक्य कागदावर नीट बसवत होते, तेवढ्यात फोन आला. मिलूशेबाईंचा मुलगा, रादोवान.

"ताई, ते सभागृह वगैरे नको. बिनसोहळ्याचं करतोय."

म्हणजे पेटी थेट भट्टीत. कुणी बघायचं नाही, बोलायचं नाही.

"अहो, पण तुम्हीच तर ठरवलंत!"

"पहिल्या रांगेत बसून गावाशी हात मिळवत राहायचं, मला नाही जमणार ते. आईला काय कळणार आहे आता?"

"मावशींना विचारलंत?"

"आई माझी आहे."

फोन बंद. मी दहनगृहाच्या कार्यालयाला फोन केला. तिथली बाई म्हणाली, मुलगा म्हणेल तसं. किटलीतलं पाणी गार झालं. भाषण फाडावंसं वाटलं, फाडलं नाही.

शुक्रवारच्या निरोपाच्या काळ्या काठाच्या सूचना मात्र गावभर लागल्या होत्या. खानावळीच्या काचेवर, बसथांब्यावर. त्या काढायला कुणीच गेलं नाही.

शुक्रवारी पोलेंकाचं नाक वाहत होतं. बालवाडीनं दारातूनच परत पाठवलं. तिला घेऊन मी दहनगृहावर गेले. लोक येणार, त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. दाराशी खानावळीतल्या म्हाताऱ्या चांगले कोट घालून, फुलं घेऊन उभ्या होत्या. आत दुसऱ्याच कुणाचा निरोप चालला होता.

"मला कळलंय," द्राहाबाई म्हणाल्या. "तिच्या कार्ट्यानं नको म्हटलं, काल सांगितलं मला. तू वाच. इथंच वाच."

मी कागद उघडला. वाचत मिलूशेबाईंच्या जन्मगावापर्यंत आले, तोच रखवालदार धावत आला.

"ताई, इथं नाही! पुढच्यांच्या गाड्या यायच्यात."

"पाचच मिनिटं हो!"

"मग सभागृह घ्यायचं होतं."

आम्ही कचऱ्याच्या डब्यांपाशी सरकलो. मी ओरडून वाचू लागले. शवगाडी मागे येताना पीं पीं करत होती. रश्श्यापाशी आले तर एक म्हातारी कानाला हात लावून म्हणाली, "काय म्हणाली ही?"

"काही नाही," द्राहाबाई म्हणाल्या. "राहू दे, पोरी. घसा फाडू नकोस."

मी कागदाची घडी केली. कुणावर चिडावं तेही कळेना.

पेटीच नाही, तर फुलं ठेवायची कुठं? ज्याची त्यानं परत नेली. बसमध्ये द्राहाबाई आमच्या समोर बसल्या, मांडीवर लाल कार्नेशनचा गुच्छ. मेलेल्याला फुलं सम संख्येत द्यायची आणि तशी फुलं घरात ठेवायची नाहीत, हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक असतं. त्यांनी गुच्छातली फुलं मोजली. मग त्यांनी त्यातलं एक फूल ओढून काढलं आणि पोलेंकाच्या हातात दिलं.

"आता लावता येतील फुलदाणीत," त्या म्हणाल्या.

पोलेंकानं फूल चोंदलेल्या नाकाशी धरलं. जरा वेळानं तिनं माझी बाही ओढली.

"आई, मुलानं नको म्हटलं, की आईचा निरोप होतच नाही?"