‘माझ्याकडं तर चालतंय!’ लिहिलेला मग

मी एक जुना चिनीमातीचा मग आहे. माझ्या काठाचा टवका उडाला आहे, पण पोटावरची निळी अक्षरं अजून वाचता येतात.

मित्रांनो, मी बारामतीच्या एका छपाईच्या दुकानात आलो तेव्हा अगदी कोरा होतो. एक दिवस तिथं मोना नावाची मुलगी आली. ती लोणी देवकरच्या एका कारखान्यात कामाला होती. तिची मैत्रीण संजीवनी हिला सॉफ्टवेअरची नोकरी लागली होती, म्हणून मोनाला तिला काहीतरी गमतीचं द्यायचं होतं. दुकानदारानं मला तापलेल्या यंत्रात दाबलं. चटका बसला खरा, पण बाहेर आलो तो बोलका होऊनच. माझ्यावर लिहिलं होतं, ‘माझ्याकडं तर चालतंय!’

संगणकावर काम करणाऱ्यांचा हा आवडता विनोद. प्रोग्रॅम दुसऱ्याकडे बंद पडला, की तो लिहिणारा हमखास हेच म्हणतो. संजीवनी इतकी हसली की पहिलाच चहा सांडला. तिच्या आई शकुबाई मात्र मला उलटसुलट करत म्हणाल्या, “मगात च्या चालंल न्हाय तर काय?”

संजीवनी लासुर्ण्याला घरूनच काम करायची. मी दिवसभर तिच्या टेबलावर असायचो. बाहेर शकुबाई आणि गावातल्या बायका आपापल्या शेतात भाजीचे क्रेट भरायच्या आणि सगळ्यांचा माल एकाच टेम्पोनं पुण्याला पाठवायच्या. कुणाचे किती क्रेट, हे शकुबाईंना फोनवर सांगताना रोज गोंधळ व्हायचा. एकदा शकुबाई टेम्पोवाल्याला निरोप द्यायला विसरल्या आणि द्वारकाबाईंची ढोबळी मिरची उन्हात रस्त्याकडेला राहिली. पार सुकली. द्वारकाबाई शकुबाईंची लहानपणापासूनची मैत्रीण, पण त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं.

आईचं जेवणावरचं लक्ष उडालेलं संजीवनीला बघवेना. सुट्टीच्या दिवशी बसून तिनं क्रेट नोंदवायचं एक सोपं ॲप तयार केलं आणि सगळ्या बायकांना घरी बोलावलं. द्वारकाबाईही आल्या, पण शकुबाईंकडे पाठ करून बसल्या. त्यांच्या वाट्याला चहाला मीच आलो.

सगळ्यांच्या फोनवर ॲप उघडलं. द्वारकाबाईंच्या जुन्या फोनवर नुसता पांढरा पडदा. संजीवनी गडबडली.

“मावशी, माझ्याकडं तर चालतंय.”

द्वारकाबाईंनी मला डोळ्यांजवळ धरलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं. मग शांतपणे म्हणाल्या, “हितं तर आदीच लिवून ठिवलंय की, पोरी. मग तुजाच फोन दे मला.”

आधी शकुबाईंना हसू फुटलं. मग द्वारकाबाईंना. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. माझ्यातला चहा हेलकावे खात होता.

संजीवनी हसली, पण थांबली नाही. द्वारकाबाईंच्या शेजारी मांडी घालून बसली. त्या बिचाऱ्या फोनला ॲपमधली चित्रं झेपत नव्हती. तिनं ती काढून टाकली आणि पुन्हा लावून बघितलं. दुपार कलली तेव्हा कुठं पडद्यावर ‘ढोबळी मिरची’ उमटलं. द्वारकाबाईंनी बोटानं चार क्रेट दाबले. समोर शकुबाईंचा फोन वाजला.

“आलं का गं?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“आलं,” शकुबाई म्हणाल्या. “उद्या टेम्पो आदी तुज्या बांधाला थांबंल.”

पुढं संजीवनीला भेटी येत राहिल्या. नवे, रंगीत मग आले आणि मी मांडणीत मागं गेलो. तिथून मला पुढं काढलं ते द्वारकाबाईंनी. आता त्या आल्या की माझ्यातूनच चहा पितात.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा असेल. त्याला तारेच्या घासणीनं घासू नका. कुणीतरी हौसेनं लिहून घेतलेलं असतं. द्वारकाबाई मला नुसत्या हातानं धुतात आणि जाताना विचारतात, “ह्यो माज्या घरी न्हेऊ का?” शकुबाई रोज नको म्हणतात.

हल्ली दोघी भांडतात, ते एवढ्याच गोष्टीवरून.