आता स्पष्ट ना?

तिसरा चष्माही बिनकामाचा निघाला. रफूच्या दुकानात मी काळ्या कोटाला गडद निळ्या दोऱ्याने टाके घातले. मालकीणबाईंनी तो कोट माझ्यापुढे टाकला. "डोळे नीट तपासून घे. आणखी एक कोट बिघडला, तर दुसरं काम बघ."

मला दुसरं काम येत नाही. डोकं तर रोजच ठणकत होतं.

खरं सांगायचं तर खोट माझ्या जिभेत होती. चष्मेवाले काका भिंगं बदलत विचारायचे, "हे बरं, की हे?" मी अक्षरं सोडून त्यांच्या आवाजाचा अंदाज घेत बसायची. समोरच्याला कुठलं उत्तर हवंय, ते मला झटकन कळतं. "आता स्पष्ट ना?" म्हटलं, की आमचं "हो" तयार.

हे घरचं शिक्षण. मोठ्यांना नाही म्हणणं म्हणजे देवाला नाही म्हणणं, असं बाबांचं मत. जेवणाआधी प्रार्थना, मग गुडघे टेकून दिवसभरात कुणाला उलट बोललो ते सांगायचं, माफी मागायची, मगच ताट. काही सापडलं नाही, तर मी बनवून सांगायची. भूक लागलेली असायची हो! बाबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण माझी मान अजून वर होत नाही. वीट आलाय मला स्वतःचा.

या खेपेला आईलाही घेऊन गेले, तिचेही डोळे तपासून होतील म्हणून.

काकांनी माझ्या डोळ्यांवर भिंग चढवलं. "आता स्पष्ट ना?"

अक्षरं मुंग्यांसारखी वळवळत होती. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण हा चष्माही चुकला असता, तर कामच सुटलं असतं.

"नाही," मी म्हणाले.

"अगं, ते एवढं म्हणतायत," आई मागून कुजबुजली. "दिसत असेल. नीट बघ."

"नाही दिसत, आई."

आता काका चिडणार! काकांनी एक मोठी जांभई दिली आणि खोक्यातून दुसरं भिंग काढलं. बस्स, एवढंच. ज्या शब्दाला मी जन्मभर घाबरले, त्याची किंमत एक जांभई. बऱ्याचदा 'नाही' म्हटल्यावर शेवटची ओळ लख्ख दिसली, आणि मला रडू आलं. आनंदाचं कसलं, दमले होते मी.

मग आईची पाळी. ती खुर्चीच्या अगदी कडेवर, अंग चोरून बसली. काकांनी तिच्या नाकावर चौकट बसवली आणि सवयीने विचारलं, "आता स्पष्ट ना?"

"हो हो, अगदी स्पष्ट."

"अहो आजी, अक्षरांच्या फळ्याचा दिवा मघाशीच बंद केला, तो कुठे लावलाय अजून?" काका हसले.

आईने घाईघाईने हात जोडले. "चुकलं माझं. तुम्ही म्हणाल तेव्हा दिसेल."