रेडिओ तापू दे!

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. घरातला नव्हे हं, मोटारीतला! दोन बाजूंना दोन गोल बटणं, मधे पिवळसर काच, काचेमागे केसाएवढी बारीक लाल सुई आणि खाली हस्तिदंती रंगाच्या पाच चौकोनी कळा, असा माझा चेहरा. तो अगदी पूर्वीसारखाच आहे. पोटातलं मात्र पूर्वीचं काही म्हणजे काही उरलेलं नाही. म्हणून तर अजूनही कुणी माझ्याकडे हात नेला, की माझ्या सुईत धस्स होतं.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या शेवटी चाचणी घेणाऱ्या बाई बसत. त्या डोळे मिटून प्रत्येक रेडिओ ऐकत. माझ्या आधीच्या दोघांना त्यांनी नापास करून परत पाठवलं, तेव्हा मला घाम फुटायचाच काय तो बाकी होता. मला ऐकून त्यांनी माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं, 'ठीक'. बस्स! 'छान' नाही, 'उत्तम' नाही, नुसतं ठीक. झाकण लागलं आणि तो शेरा पोटात घेऊन मी जगात आलो.

मला एका बाटलीहिरव्या मोटारीत बसवलं. मोटारीचे मालक आज आजोबा आहेत, पण तेव्हा चांगले काळ्याभोर मिशांचे तरुण होते. मनाने सोन्यासारखे, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर! आणि मला होती एक खोड. माझ्या पोटात व्हॉल्व्ह होते, म्हणजे छोट्या काचेच्या बाटल्या म्हणा ना. त्या तापल्याशिवाय मला कंठ फुटत नसे. खटका दाबला की आधी उजेड, मग गुंऽऽ अशी गुणगुण आणि चांगल्या अर्ध्या मिनिटाने गाणं. शेजारच्या गाडीतला रेडिओ लगेच गायचा आणि मी आपला घसाच साफ करतोय! मला फार लाज वाटायची.

पण त्यांच्या बायकोने, म्हणजे आजींनी, त्या खोडीचं सोनं केलं. एकदा सगळे प्रवासाला निघाले आणि शहर पार मागे पडल्यावर कळलं, की कपड्यांची पेटी घरी दारातच राहिली. आजोबा गरजले, "पेटी कोणी उचलायची होती?"

आजींनी शांतपणे माझा खटका दाबला. "रेडिओ तापू दे," त्या म्हणाल्या. "तोवर माणसांनी तापायचं नाही."

गाडीत चिडीचूप. गुंऽऽ. आणि त्या अर्ध्या मिनिटात आजोबांनाच आठवलं, की पेटी उचलायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं! मी गायला लागलो तेव्हा मागच्या सीटवरचा त्यांचा मुलगा तोंडावर हात दाबून हसत होता.

त्या दिवसापासून तो गाडीचा कायदाच झाला. रस्ता चुकला, गणितात शून्य मिळालं, कुणी दार जोरात आपटलं, की आधी माझा खटका आणि मग भांडण. किती भांडणं त्या अर्ध्या मिनिटात विरघळली, त्याची गणतीच नाही. लोक म्हणत, "काय गोड आवाज आहे हो तुमच्या रेडिओचा!" पण मला मनातून ठाऊक होतं, घरातले माझ्या आवाजावर नाही, माझ्या उशिरावर जगताहेत.

मग माझे दिवस फिरले. मी जी केंद्रं पकडायचो ती एकेक करून मुकी झाली. माझा कर्णा, म्हणजे स्पीकर, फाटला. एके दिवशी खटका दाबला तर उजेडसुद्धा आला नाही. पुढे आजी गेल्या आणि मोटारीवर ताडपत्री चढली. अंधारात मला नुसते आवाज ऐकू यायचे. मागच्या सीटवरचा तो मुलगा आता मोठा झाला होता, एका मुलीचा बाबा झाला होता आणि वडिलांसारखाच तापट निघाला होता.

"अप्पा, गाडी विकून टाकू. जागा अडवून बसलीय नुसती."

"मग मलाही वीक! मीही जागाच अडवतोय!"

मित्रांनो, ताडपत्रीखाली माझा जीव कसा टांगणीला लागला असेल!

मला वाचवायला धावली ती बाबांची मुलगी. सगळे तिला भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरतच नाही. ती म्हणाली, "रेडिओ दुरुस्त करू या! बाहेरून आजोबांचा, आतून माझा. मग आपण तिघं गाडीतून फिरू."

आजोबा म्हणाले, "चेहऱ्यावर ओरखडा उठता कामा नये." बाबा म्हणाले, "एकच संधी. अप्पांना पसंत पडला तर गाडी राहील. नाही तर विकायची. नंतर रडारड नको."

म्हणजे सगळा भार माझ्या डोक्यावर!

रेडिओचा कारागीर दोन चष्मे एकावर एक लावायचा. त्याने माझं झाकण उघडलं आणि थबकला. "अरे वा! 'ठीक' म्हणे!" इतक्या वर्षांनी तो शेरा कुणीतरी वाचला. मला भरून आलं, पण तेवढ्यात त्याने माझे व्हॉल्व्ह उपसायला सुरुवात केली. मला वाटलं, संपलं! रिकाम्या पोटात त्याने बिस्किटाएवढी एक इलेक्ट्रॉनिक पट्टी आणि नवा कर्णा बसवला. माझ्या जुन्याच कळांमागे नव्या तारा जोडल्या. काच मात्र नुसत्या मऊ कुंचल्याने पुसली. "घासलं तर आकडे निघून जातील," तो पुटपुटला. आता मला भिंगरीच्या फोनमधली गाणी तारेशिवाय गाता येणार होती. पण माझं गुंऽऽ कुठे गेलं, हे कुणीच विचारलं नाही.

दुपारी तिघं आले. कारागिराच्या दुकानासमोर उभ्या गाडीत मी पुन्हा माझ्या जागी बसलो होतो. आजोबांनी माझ्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं, मान डोलावली आणि खटका दाबला.

धाडकन गाणं सुरू झालं! आजोबा दचकले. त्यांनी मला बंद केलं.

"हा माझा रेडिओ नाही."

"झालं!" बाबा भडकले. "काहीही करा, तुम्हाला पटणारच नाही! उद्याच विकतो गाडी."

"वीक, वीक! आजच वीक!"

मधे क्षणाचीही फट नव्हती. शब्दावर शब्द आदळत होते आणि मी चकचकीत चेहऱ्याने नुसता बघत होतो. भिंगरी रडवेली होऊन ओरडली, "अहो, रेडिओ तापू द्या ना!"

दोघंही तिच्याकडे वळले.

"आजी म्हणायची तसं म्हटलं," ती चाचरत म्हणाली. "आपल्या घरात म्हणतातच की. कुणी चिडलं की."

"नुसतं म्हणण्यापुरतं नाही गं," आजोबा हळूच म्हणाले. "हाच तो रेडिओ. हा खरंच तापायचा. अर्धं मिनिट."

भिंगरीचे डोळे विस्फारले. तिला आजवर ती नुसती म्हण वाटत होती! ती सुसाट दुकानात पळाली.

"काका, याला उशीर लावता येईल?"

कारागिराने दोन्ही चष्मे कपाळावर चढवले. "लोक माझ्याकडे उशीर काढायला येतात पोरी, आणि तू घालायला आलीस?"

"अर्धं मिनिट फक्त! आणि गुंऽऽ पण हवं!"

तो मोठ्याने हसला, पण कामाला लागला. तोवर आजोबा दुकानातल्या बाकाच्या एका टोकाला, बाबा दुसऱ्या. मी पुन्हा पोट उघडून पडलेलो. ही शेवटची संधी, मला कळत होतं.

पुन्हा सगळे गाडीत बसले. आजोबांनी खटका दाबला. उजेड आला. गुंऽऽ. बाबांनी काही बोलायला तोंड उघडलं आणि मागच्या सीटवरून हुकूम आला, "तोवर माणसांनी तापायचं नाही!"

बाबांनी तोंड मिटलं. मी जीव मुठीत धरून बसलो. नवं पोट, नव्या तारा, आवाज फुटला नाही तर? आजोबा माझ्या सुईकडे एकटक बघत होते. मग त्यांची मिशी हलली.

"पेटी मीच विसरलो होतो," ते म्हणाले.

"माहीत आहे," बाबा म्हणाले आणि तोंडावर हात दाबून हसायला लागले, अगदी मागच्या सीटवर हसायचे तसे.

तेवढ्यात मी गायला लागलो. आजोबा म्हणाले, "गाडी घरी लांबच्या रस्त्याने घे."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जरूर नवं करा. आम्हालाही गायचं असतं! पण आमचा चेहरा जपताना आमची एखादी खोडही जपा. ती कुणाच्या कामी येत होती, हे घरातल्या मोठ्यांना आधी विचारा. एवढं कराल ना? मला अजून पुष्कळ सांगायचं होतं, पण भिंगरीने दार जोरात आपटलंय, बाबांच्या कपाळावर आठी आलीय आणि माझा खटका वाजलाय.

थांबा जरा. मी तापतोय.