पूर्वरंगातला प्रश्न

नाथाबुवांचा गळा गेला तेव्हा पंचवटीतल्या कितीतरी बायाबापड्यांनी डोळ्याला पदर लावला. आपल्याच घरचं कुणी गेल्यासारखं झालं त्यांना. भाजीबाजारामागच्या गल्लीत बुवांचं घर, मखमलाबादच्या अंगाला शेवंतीचा मळा. दिवसा फुलं तोडायची आणि संध्याकाळी हरिनाम घ्यायचं, असा त्यांचा नेम. माणूस शिकलेला नव्हता, पण एकदा का फेटा बांधून कीर्तनाला उभा राहिला की ऐकणाऱ्याला वाटावं, देव आता पलीकडच्या पायरीवर येऊन बसलाय. घशात गाठ निघाली, मुंबईला शस्त्रक्रिया झाली. प्राण वाचला, आवाज तेवढा गेला. उरली नुसती कुजबुज, आणि तीही कान तोंडाशी नेला तर कळायची.

ती कुजबुज जिला नीट कळायची ती एकच, त्यांची लेक सुवर्णा. पतसंस्थेत कारकुनी करायची. आई लंकाबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. आलेली दोन स्थळं आण्णांच्या, म्हणजे बुवांच्या, आजारपणात मागं पडली, ती पडलीच.

थोरला हर्षल अमेरिकेत, ओहायोत. गेला तेव्हा दर रविवारी फोन यायचा. आण्णांचा आवाज गेल्यावर फोनवर नुसतं, "हॅलो, हॅलो, आण्णा, ऐकू येत नाही," असं व्हायला लागलं. आण्णा जीव खाऊन कुजबुजायचे आणि सातासमुद्रापार काहीच पोचायचं नाही. मग फोन महिन्यावर गेला, मग दिवाळीवर. आई गेली तेव्हाही तो आला नाही. कागदपत्रांचं काहीतरी अडलं होतं म्हणाला.

"मला त्याच्याशी एकदा बोलायचं हाय," आण्णा एका सकाळी सुवर्णाच्या कानाशी म्हणाले. "त्याला आपलं काही ठाव हाय का, की गेलं सारं धुऊन, एवढंच बघायचंय. मग रामकुंडावर न्या मला खुशाल."

"काहीतरीच काय बोलता आण्णा!" ती रागावली. पण ते तिच्या मनात रुतून बसलं.

हर्षलच्या एका जुन्या मेलमध्ये तिला वाट सापडली. त्यानं लिहिलं होतं, "रविवारी तुमच्या सकाळी फोन करू नकोस. आमची तेव्हा शनिवारची रात्र असते आणि मी इंटरनेटवरच्या प्रश्नमंजूषेत असतो. जगभरातले लोक खेळतात." खाली त्या खेळाचा पत्ता होता. बोलून होत नाही तर लिहून होईल, असं तिला वाटलं.

पुढच्या रविवारी ती मालेगाव स्टँडजवळच्या ओमच्या सायबर कॅफेत जाऊन बसली. ओम तोंडाळ, पण मनाचा मोकळा गडी. "या ताई," तो म्हणाला, "सकाळी सकाळी माझ्याकडं फक्त लग्न जुळवणारे येतात. तुमचं काय, अमेरिकेचं स्थळ का?"

"भाऊ आहे तिकडं. त्याच्यासोबत खेळायचंय."

"मग नेट चालू राहावं म्हणून आधी गणपतीला हात जोडा."

खेळ सुरू झाला. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न उमटायचा, काही सेकंदांत उत्तर टाइप करायचं. खेळाडूंच्या नावापुढं आपापल्या देशाचा झेंडा. एक फिलिपिन्सची नर्स, एक इंग्लंडचा बसड्रायव्हर, कुणी ब्राझीलचा. नाव जगाच्या प्रश्नमंजूषेचं. पण प्रश्न? 'राष्ट्राध्यक्षांच्या कुत्र्याचं नाव काय?' कुठल्या राष्ट्राच्या, ते लिहायची गरज कुणाला वाटली नव्हती. 'फुटबॉलमध्ये टचडाउनला किती गुण?' हा फुटबॉल पायानं खेळायचा नव्हेच. 'मोठं सफरचंद म्हणून कोणतं शहर ओळखतात?' सफरचंदांचंच गाव असणार म्हणून सुवर्णानं श्रीनगर लिहिलं. साऱ्या झेंड्यांनी मिळून हसण्याच्या खुणा टाकल्या. ओमनं मागून बघितलं आणि म्हणाला, "ताई, सोपं उत्तर सांगू? कुठलाही प्रश्न आला की अमेरिका लिहायचं."

इंग्लंडच्या ड्रायव्हरनं तक्रार केली, वर्षभरात क्रिकेटचा एकच प्रश्न आलाय म्हणून. नर्सनं लिहिलं, "कशाला चिडता? मी त्यांचं सगळं पाठ केलंय. त्यांना आपलं पाठ करावं लागत नाही, एवढाच फरक." एकदा कुठं ताजमहालाचा प्रश्न आला. सुवर्णानं धडपडून उत्तर दिलं, तर कुणीतरी लिहिलं, "भारताला आज फुकटचा गुण."

या सगळ्यात एक नाव सारखं वर असायचं. 'हॅरी_ओहायो.' पुढं अमेरिकेचाच झेंडा. हा आपला हर्षलच, तिनं ओळखलं. तो नुसता खेळाडू नव्हता, प्रश्न तपासणाऱ्या मंडळातही होता. एकानं त्याला विचारलं, "हॅरी, तू मूळचा कुठला?" उत्तर आलं, "ओहायो."

सुवर्णानं हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले.

घरी आल्यावर तिनं आण्णांना ही गोष्ट सोडून बाकी सगळं सांगितलं. "नाव सांगून हाक मारू का त्याला तिथं, आण्णा?"

आण्णांनी मान हलवली. "रंगात आलेल्या कीर्तनात कुणाला नाव घेऊन हाक मारत्यात का? प्रश्न टाक. आपला असंल तर वळखंल."

आता बुवांची ही प्रश्नाची रीत काय होती, ते सांगायला हवं. कीर्तनात आधी पूर्वरंग, त्यात अभंगाचं निरूपण. मग बुवांच्या कपाळी बुक्का लागतो, गळ्यात हार पडतो, आणि त्यानंतर उत्तररंग, म्हणजे आख्यान. नाथाबुवा पूर्वरंग संपवता संपवता श्रोत्यांत एक प्रश्न सोडून द्यायचे. गळ्यात हार पडेपर्यंत त्याचं उत्तर द्यायचं नाही. कधी कधी शेवटपर्यंत द्यायचेच नाहीत. "घरी जाताना इचार करा मायबाप," म्हणायचे. फुलांच्या रिकाम्या टेम्पोतून परतताना मग घरच्यांची पाळी. जो उत्तर देईल, बुवांच्या गळ्यातला हार त्याच्या गळ्यात.

हार नेहमी हर्षलच्या गळ्यात पडायचा. तो झांज घेऊन आण्णांच्या मागं उभा राहायचा, गावोगाव त्यांच्यासोबत फिरायचा. कुठल्या देवळाच्या खांबावर काय कोरलंय, कुठल्या गावची जत्रा कशावरून मोडली, सारं त्यानं पाहिलेलं आणि आण्णांनी त्यालाच सांगितलेलं. सुवर्णा बहुतेकदा आईजवळ घरी बसून हार गुंफायची, जवळपासच्या कीर्तनालाच तेवढी टेम्पोत असायची. गुंफलेला हार दुसऱ्या दिवशी भावाच्या खुंटीवर दिसायचा. तेव्हा तिला वाटायचं, आपल्याला काही येतच नाही.

सायबर कॅफेत ती टचडाउनचे गुण पाठ करत होती तेव्हा एका सकाळी तिच्या मनात लख्ख झालं. प्रश्न काढणाऱ्यानं हार कुणासाठी गुंफलाय हे आधीच ठरलेलं असतं. प्रश्न मग त्याच्याच गावचे निघतात, आणि त्याचं त्यालाही कळत नाही. तिला राग कुणाचा आला, ते तिला नीट सांगता आलं नसतं. तिनं देवाचं नाव घेतलं आणि पुढचा प्रश्न वाचला.

खेळाडूंना स्वतःचे प्रश्न पाठवायची मुभा होती. मंडळानं पसंत केला तर तो खेळात यायचा. आण्णांनी दोन दिवस विचार केला आणि तिला जवळ बोलावलं. "लिही. गोदावरीकाठी नाशिक नावाचं गाव हाय. तिथं एक मारुती असा हाय की त्याच्या हातात गदा नाय. मग काय हाय?"

गल्लीच्या तोंडाशी जो शेंदऱ्या मारुती होता, त्याच्याबद्दल हे चाललंय, एवढं सुवर्णाला कळलं. पण वर्षानुवर्षं शेंदराचे थर चढून मूर्तीचा नुसता लाल गोळा झाला होता. हातात काय ते डोळ्यांना दिसायचं नाही. हात लावून चाचपलं तरच कळावं, आणि बायकांनी त्या मारुतीला शिवायचं नाही अशी गल्लीची चाल. ती रोज बाहेरूनच हात जोडायची.

"काय आहे आण्णा त्याच्या हातात?"

ते हसले. आवाज गेल्यापासून ते क्वचितच असे हसायचे. "पूर्वरंगात उत्तर सांगत्यात व्हय?"

"अहो, पण तिथं उत्तराचा रकाना आहे. भरल्याशिवाय प्रश्न जातच नाही."

"मग रिकामा धाड. ही आपली रीत. त्याला ठाव हाय."

रकाना रिकामा जाईना, म्हणून तिनं त्यात नुसता एक ठिपका दिला. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी खेळातलं आपलं 'शेवंती' हे टोपणनाव. ओम म्हणाला, "ताई, जगातला पहिला प्रश्न असेल हा, ज्याचं उत्तर विचारणाऱ्यालाच माहीत नाही."

"माझ्या आण्णांना माहीत आहे."

"मग ठीक. आण्णा म्हणजे आमचे गूगलच."

रविवार गेला, काही आलं नाही. पुढचा रविवार आला. आण्णा पहाटेच उठून ओट्यावर बसून राहिले होते, घोंगडी लपेटून. सुवर्णा कॅफेतून परतेपर्यंत त्यांनी चहाही घेतला नव्हता.

उत्तर आलेलं होतं. पडद्यावर तिनं ते पुन्हा पुन्हा वाचलं, म्हणून आता तोंडपाठ झालं होतं. इंग्रजीत तीनच ओळी: "उत्तर: झांज. फारच स्थानिक, त्या एका गल्लीबाहेर हे कुणालाही ठाऊक नसेल. नामंजूर." खाली तपासनिसाचं नाव, हॅरी_ओहायो.

कॅफेत तिनं आपण पाठवलेला प्रश्न पुन्हा उघडून पाहिला होता. प्रश्नात गल्लीचं नावही नव्हतं. उत्तराच्या जागी ठिपका होता. तरी त्यानं उत्तर लिहिलं होतं. म्हणजे भावानं ओळखलं होतं. मारुती ओळखला, गल्ली ओळखली, हा प्रश्न जगात कोण विचारू शकतं तेही त्याला कळलं असणार. आणि कळून त्यानं शिक्का मारला. कसे आहात, एवढंही लिहिलं नाही. ओम काहीतरी चेष्टा करायला आला होता, तिचा चेहरा बघून तसाच मागं फिरला आणि थोड्या वेळानं न सांगता चहा ठेवून गेला.

"आलं का गं?" आण्णांनी ओट्यावरूनच खुणेनं विचारलं.

ती त्यांच्या पायाशी बसली. "आलं."

"काय म्हणतोय?"

"उत्तर: झांज," ती म्हणाली.

आण्णांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते, पण कान नेऊनही तिला शब्द ऐकू आले नाहीत. मग ते सांगायला लागले, मधे मधे धाप लागत होती. "पाच वर्षांचा असताना त्याला उचलून धरलं होतं मी तिथं. म्हणलं, चाचप. म्हणला, आण्णा, झांज! म्हणलं, बरोबर. जिथं कीर्तन चाललंय तिथं मारुतरायाचा पाट मांडलेला असतो. तो गदा खाली ठिवतो आन् झांज घेतो, असा हा मारुती. कुणाला सांगू नको म्हणलं, हे आपलं दोघांचं." त्यांच्या सुरकुत्यांतून पाणी वाहायला लागलं. "इसरला नाय गं पोरगा. आणखी काय लिवलंय?"

सुवर्णानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "एवढंच. तिथं उत्तरापुरतीच जागा असते."

"बास झालं. एवढंच पायजे होतं मला." त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "ऊठ, शेवंतीचा हार कर. उत्तर दिलंय त्यानं. हार त्याचा."

तिनं परडी घेतली, सुई घेतली. आईनं शिकवल्यासारखी दोन पिवळी, एक पांढरं, अशी फुलं ओवत गेली. हार झाल्यावर ती आत गेली. भिंतीवर आईचा फोटो आणि शेजारी पदवीच्या झग्यातला हर्षल. हात वर गेला आणि तिथंच थांबला. जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत.

आण्णांच्याही ते ध्यानात आलं असावं. त्यांनी टाळी वाजवून तिला बोलावलं. "फोटोला नको. मारुतीला घाल, त्याच्या नावानं."

ती गल्लीच्या तोंडाशी गेली. पुजारी सोमाकाका समई पुसत बसले होते. तिनं उंबऱ्याबाहेरूनच हार त्यांच्या हातात दिला.

"काका, मारुतीच्या हातात काय आहे हो?"

"गदा. मारुतीच्या हातात दुसरं काय असणार, लॅपटॉप?" सोमाकाका हसले आणि हार त्या लाल गोळ्यावर चढवला. "कुणाच्या नावानं म्हणायचं?"

"हर्षलच्या," ती म्हणाली. तिनं बाहेरूनच हात जोडले. भावानं लिहिलं होतं, गल्लीबाहेर कुणालाही ठाऊक नसेल. गल्लीतही नव्हतं. जन्मभर या उंबऱ्याबाहेर उभी राहिलेल्या तिलाही ते आज सकाळी ओहायोतून कळलं होतं.

घरी आली तेव्हा आण्णांनी चहा घेतला होता, रंगही जरा उजळला होता. "फुडच्या ऐतवारी दुसरा प्रश्न धाडू," ते कुजबुजले. "चांदवडच्या डोंगरावरचा. तो नक्की सांगंल."

"धाडू," सुवर्णा म्हणाली. बशी उचलली, खाली ठेवली. मग लहानपणी टेम्पोत कधी बोलली नव्हती ते बोलून गेली, "आण्णा, एखादा प्रश्न मला विचारा ना."

आण्णा तिच्याकडं बघत राहिले. खरंच विचार करत होते ते. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ दोनदा उघडले आणि मिटले. शेवटी त्यांनी तिचा हात हातात घेतला. त्यावर अजून शेवंतीचा वास होता. त्यांनी तिला जवळ ओढून कानाशी तोंड नेलं.

"तुला काय इचारायचं गं बाई," ते मायेनं म्हणाले. "तू तर हितंच हायेस."