आकारामनं पाठवलेलं नाव

माझ्या नोकरीत मी हजारभर मुलांची नावं शाळेच्या रजिस्टरात लिहिली असतील. आईबापांनी सांगितलेलं नाव बदलून मी एकदाच लिहिलं. मुलीचं भलं होईल म्हणून लिहिलं. त्याला आता बरीच वर्षं झाली. मी सांगलीला मुलाकडे राहतो, शेजारची पोरं संध्याकाळी पाढे म्हणायला येतात, आणि नवं पोर आलं की त्याला नाव विचारताना मला अजून थोडं थांबावं लागतं.

कराडच्या खाली कृष्णेच्या काठाला लोकल बोर्डाची आमची चौथीपर्यंतची शाळा होती. आकाराम तिथला माझा सुरुवातीचा विद्यार्थी. चौथी झाला, चार वर्षं बापाबरोबर औत धरलं आणि वयात येताच पलटणीत भरती झाला. अक्षर चांगलं होतं, पण ‘ब’च्या पोटातली रेघ हटकून बाहेर काढायचा. मी किती वेळा गिरवून घेतलं, रेघ काही आत राहिली नाही.

एकेचाळीस सालच्या वैशाखात त्याचं पत्र आलं. त्याच्या बायकोला, अंजनाला, मुलगी होऊन आठ दिवस झाले होते. तिच्या माहेरी कुणी उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. पत्र वाचायला त्याच्या आईनं, साळूबाईनं, मला बोलावलं. मी ओसरीवर बसलो. शेजारचा हरिबा आणि आणखी चारदोन माणसं येऊन टेकली. अंजना आत, दाराआड होती.

पत्र इस्पितळातून लिहिलेलं होतं. मुलखाचं नाव सरकारनं काळ्या शाईनं पुसलं होतं, पण हबशांचा मुलूख आहे एवढं कळत होतं. आकारामनं लिहिलं होतं, ‘डोंगरावर मांडीला गोळी लागून दोन दिवस पडून होतो. पाणी नव्हतं. खालच्या वस्तीवरची दहा-अकरा वर्षांची एक पोर वाळल्या भोपळ्यातून पाणी घेऊन वर आली. दुसऱ्या दिवशी परत आली. मी खुणेनं नाव विचारलं. अबेबा म्हणाली. तिसऱ्या खेपेला येताना तोफेच्या गोळ्याचा तुकडा लागून ती वाटेतच गेली. आमच्या दुभाष्याला विचारलं, तर अबेबा म्हणजे फूल. आई, घरात मुलगी झाली तर हेच नाव ठेवणे. दुसरं ठेवू नये.’

मग हरिबा म्हणाला, “आकाराम येताना हबशीनच घिऊन येतोय बगा. नाव तेवडं म्होरं धाडलंय.”

माणसं हसली. साळूबाई हसली नाही. “मेलेल्या पोरीचं नाव?” ती म्हणाली. “आवं मास्तर, माझी दोन नातवंडं गेली. एक देवीत गेलं, एकानं तर डोळं सुदिक नीट उगडलं न्हाईत. ह्या पोरीला मी धोंडी म्हननार हाय. दगडाकडं कुनाचं ध्यान जात न्हाई.”

ज्या घरात मुलं जगत नसत तिथं असंच करत. दगडू, केरू, धोंडी. नाव असं ठेवायचं की मरणाला ते पोर उचलावंसं वाटू नये. माझ्या वर्गात असे दोन दगडू होते.

आतून अंजनाचा आवाज आला. “मास्तर, अर्थ काय म्हनलासा त्येचा?”

“फूल.”

“मग त्यात वंगाळ काय हाय?”

साळूबाई दाराकडे बघून म्हणाली, “तू गप गं.” मग माझ्याकडे वळली. “तुमी शिकल्यालं हायसा. तुमीच सांगा.”

मला दोघींनाही दुखवायचं नव्हतं. मी म्हणालो, “बारशाला आजी म्हणते ते नाव ठेवा. आकारामला त्यानं धाडलेलं नाव ठेवल्याचं कळवू. तो परत आला की बघता येईल.” मला ते फार शहाणपणाचं वाटलं.

निघताना अंजनानं दाराच्या फटीतून हात पुढं करून पत्र मागितलं. “ह्यात नाव कुटं लिवलंय?” मी बोट ठेवलं. “तितं खून करा.” मी पेन्सिलीनं त्या शब्दाखाली एक ठिपका दिला.

बाराव्या दिवशी आत्यानं, अंबूबाईनं, पाळण्याशी वाकून पोरीच्या कानात ‘धोंडी’ म्हटलं. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या. बारशानंतर तिसऱ्या दिवशी अंजनानं सांगितलं ते मी पत्रात लिहिलं : ‘आपण सांगितलेलं नाव ठेवलं.’

पुढं वर्षभर आकारामची पत्रं आली. अबेबा रांगते का? अबेबाला दात आले का? अबेबा कुणासारखी दिसते? अंजना उत्तरं सांगायची, मी लिहायचो. घरात धोंडी रांगत होती, पत्रात अबेबा रांगत होती.

बेचाळीसच्या आषाढात इंग्रजी कागद आला. तोही मीच वाचला. आकाराम वाळवंटात पडला होता. राख नाही, कपडा नाही. चौदाव्या दिवशी मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. पोरगी नुकती चालायला लागलेली, उंबऱ्याबाहेर पडून तुरुतुरू रस्त्याकडे निघाली. साळूबाईनं बसल्या जागेवरून हाक मारली, “अबेबा, मागं फिर गं.”

सगळे तिच्याकडे बघू लागले. हरिबाची बायको हळूच म्हणाली, “धोंडी म्हना की, काकू.”

“धोंडी म्या ठिवलं हुतं, पोरगी ऱ्हावी म्हनून,” साळूबाई म्हणाली. “पोरगी ऱ्हायली. ल्योक गेला. आता त्येचं येवडंच हाय घरात.”

त्या दिवसापासून धोंडी हे नाव त्या घरात कुणी घेतलं नाही. गावानं मात्र नव्या नावाची थट्टा मांडली. पाणवठ्यावर बायका ‘हबशीन आली’ म्हणायच्या. पोरं ‘अबेबा ढबेबा’ ओरडत मागं लागायची. साळूबाई काठी घेऊन धावायची आणि दम लागून मध्येच बसायची. अंजना पोरीचा हात धरून सरळ चालत राहायची.

सत्तेचाळीसच्या जूनमध्ये ती पोरीला शाळेत घालायला घेऊन आली. तेल लावून घट्ट वेणी, नवं परकर-पोलकं. मी नाव विचारलं.

“अबेबा,” अंजना म्हणाली.

“वडलांचं?”

नवऱ्याचं नाव ती कशी घेणार? तिनं पोरीच्या खांद्याला स्पर्श केला. “सांग गं मास्तरांस्नी.”

“आकाराम,” पोरगी मोठ्यांदा म्हणाली.

मी टाक उचलला. बाहेर पोरं खिडकीला लोंबकळत होती आणि त्यांचं ‘ढबेबा’ सुरूही झालं होतं. मला वाटलं, हे आता रोज, हजेरीला रोज. मुलांचा स्वभाव मी वीस वर्षं पाहत होतो. हसऱ्या पोरी अशानं मिटून जातात, पुढं शाळाच सोडतात. मी लिहिलं, ‘पुष्पा आकाराम’. अर्थ तोच, म्हणजे बापाची इच्छा राहिली, असं स्वतःला समजावलं.

“लिवलं?” अंजनानं विचारलं.

“लिहिलं.”

ती शाईकडे बघत उभी राहिली. मग रजिस्टराला हात लावून तो कपाळाला नेला.

ती गेल्यावर मी पोरीला जवळ घेतलं. “हे बघ, शाळेत तुझं नाव पुष्पा. हे आपलं शाळेतलं नाव. घरी सांगायची गरज नाही.” तिनं मान डोलावली. सहा वर्षांच्या पोरीला आईपासून लपवायला मी पहिल्याच दिवशी शिकवलं.

पुष्पा चलाख निघाली. पोरंही चार दिवसांत ढबेबा विसरली. मी खूश होतो.

दसऱ्याला पाटीपूजन असतं. आदल्या दिवशी मी मुलांना सांगितलं, पाटी घासून त्यावर आपलं नाव काढा आणि घरी पूजेला मांडा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी अंजना आली. एका हातात पाटी, दुसऱ्या हातात घड्या पडून फाटायला आलेलं पत्र. मागं पोरगी.

तिनं दोन्ही माझ्या टेबलावर शेजारी ठेवलं. पत्रातल्या पेन्सिलीच्या ठिपक्यावर बोट ठेवलं, मग पाटीवर.

“मास्तर, ह्ये त्ये न्हाई.”

मी पाटी हातात घेतली.

“मला वाचता येत न्हाई,” ती म्हणाली. “पर ह्यो येक सबूद मी सा वरसं रोज बगती. ह्यात दोन पोटाची अक्षरं हायती, त्यांच्या रेघा भाईर आल्यात. पाटीवर तसलं कायबी न्हाई.”

ती रेघ मी त्याच्याकडून कधी दुरुस्त करून घेऊ शकलो नव्हतो.

मी तिला सगळं सांगितलं. पोरं चिडवतात, अर्थ एकच आहे, मुलीच्या सुखासाठी केलं.

“गाव चिडवतंय त्ये मला म्हाईत हाय की,” ती म्हणाली. “गावाचं मी मनाला लावून घेत न्हाई. पर पोरीच्या दादांनी तुमच्याजवळ अक्षर शिकून त्ये लिवलं हुतं. तुमी लिवलं म्हनलासा, तवा मला वाटलं, आता त्ये पक्कं झालं.” मग सासूबद्दल म्हणाली, “आत्तीस्नी मी सांगितलं न्हाई. त्यांस्नी सोसायचं न्हाई.”

रजिस्टरात खाडाखोड करायची मनाई होती. शाळाखात्याचे दिपोटी साहेब तपासणीला आले की जाब विचारत. मी तिच्यासमोर तांबड्या शाईनं ‘पुष्पा’वर रेघ मारली, वर ‘अबेबा’ लिहिलं आणि सही केली. तिनं पत्र शेजारी धरून अक्षरं ताडून पाहिली. माझ्या ‘ब’ची रेघ आत होती. तिथं तिचं बोट जरा अडखळलं, मग तिनं पत्राची घडी घातली.

त्या दिवशी हजेरीत मी “अबेबा आकाराम” म्हटलं. उत्तर आलं नाही. मागून कुणीतरी “ढबेबा” म्हणालं आणि वर्ग हसला. पोरीनं पाटी तोंडासमोर धरली होती.

मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली. “गुर्जी, पुष्पाच म्हना की.”

“अगं, ते तुझ्या बापानं ठेवलेलं नाव आहे.”

“मला दादा ठावंच न्हाईत,” ती म्हणाली. मग खाली बघून म्हणाली, “आयेला सांगू नगा.”

हे मीच तिला शिकवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून माझ्यासमोर रजिस्टरात अबेबा असायची आणि तोंडानं मी पुष्पा म्हणायचो.

दिवाळीनंतर एका सकाळी हजेरी चालू असताना शाळेच्या बुटक्या कुडापलीकडे वैरणीचा भारा दिसला. भाऱ्याखाली अंजना होती. मळ्यातून परतताना थांबली असावी. ती आत बघत नव्हती, नुसती कान देऊन उभी होती. पोरीनंही तिला पाहिलं. मग पोरीनं माझ्याकडे पाहिलं.

माझं बोट त्या ओळीवर आलं.

“अबेबा आकाराम.”

पोरगी उठून उभी राहिली आणि कुडापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा म्हणाली, “हजर.”

त्या दिवशी वर्ग का हसला नाही ते मला माहीत नाही. भारा थोडा हलला आणि वाटेला लागला. पोरगी खाली बसली आणि शाळा सुटेपर्यंत तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढं चौथीपर्यंत हे असंच चाललं. कुडावर भारा दिसला की अबेबा, एरवी पुष्पा. ती तिसरीत असताना साळूबाई गेली. त्यानंतरच्या पावसाळ्यात अंजनाला गुडघ्याच्या दुखण्यानं भारा उचलवेना आणि तिचं येणं बंद झालं. मी मात्र हजेरी घेताना त्या ओळीपाशी एकदा कुडाकडे बघायचो. मग “पुष्पा” म्हणायचो आणि पुढचं नाव घ्यायचो.