चरक दोन, थांबलेला

सांतो कावालारोचा उजवा हात ऊस पिळणाऱ्या चरकाच्या रुळांत कोपराच्या वरपर्यंत ओढला गेला, तेव्हा कंट्रोल रूममधल्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत स्वच्छ लिहिलेलं होतं: चरक दोन, थांबलेला. ते वाचूनच त्याच्या थोरल्या भावाने, व्हिटोने, वायरलेसवर सांगितलं होतं, "थांबलाय. काढ अडकलेलं."

खरं तर मोटर चालू होती; अडकलेल्या उसाने रूळ नुसते अडले होते, तो निघताच ते फिरले. चरक बंद करेपर्यंत हात उरला नव्हता. रसाच्या पन्हळीतून लाल फेस खाली गेला. सांतोची किंकाळी बॉयलरच्या आवाजातूनही अख्ख्या साखर मिलमध्ये ऐकू गेली.

पडद्याचा प्रोग्रॅम क्लाइव्ह हॅनरहनने लिहिला होता. साध्या अक्षरांच्या त्या पडद्यावर त्याने एकावर एक उघडणाऱ्या चौकटी बसवल्या होत्या. खाली चरकांची, तिच्यावर बॉयलरची, सगळ्यांत वर इशाऱ्याची. कामगारांना त्या इतक्या आवडल्या की चरकात हात घालण्याआधी मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावायचं त्यांनी हळूहळू सोडून दिलं. चीफ इंजिनियर डग मेटलंडने नेमकं तेच धरलं. सांतोने कुलूप लावलं नाही आणि व्हिटोने चुकीचं वाचलं, असं त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

क्लाइव्ह आपल्या टेबलाशी जाऊन बसला. दहा मिनिटांत त्याला चूक सापडली. वरची चौकट उघडताना तिच्याखाली झाकला जाणारा मजकूर प्रोग्रॅम जपून ठेवायचा आणि चौकट मिटली की तोच परत चिकटवायचा. मधल्या वेळात खालचा चरक सुरू झाला असला तरी. चौकटी उघडून मिटून त्याने शेकडो वेळा तपासल्या होत्या, पण झाकलेलं असताना खालचं बदललं तर काय, हे एकदाही पाहिलं नव्हतं. 

जेवणाच्या सुट्टीत उसाच्या रेल्वे वाघिणींपाशी गर्दी जमली होती. सांतोचा मेहुणा रोक्को व्हिटोला वाघिणीच्या चाकाशी दाबून बुक्क्यांनी मारत होता. व्हिटोचं नाक फुटलं होतं, एक डोळा मिटला होता, पण त्याने बचावालाही हात वर केले नव्हते. कोणी मध्ये पडत नव्हतं.

क्लाइव्ह गर्दीत शिरला. "त्याने बरोबर वाचलं होतं," तो म्हणाला. "पडदा खोटा होता. तो मी लिहिलाय."

रोक्कोचा पहिलाच ठोसा जबड्यावर बसला. क्लाइव्ह रुळांवर आडवा झाला. बुटाची लाथ बरगड्यांत बसली तसं आत काहीतरी कडकन मोडलं. रोक्कोने जमिनीवरचा लोखंडी पाना उचलला, तेव्हा मात्र व्हिटोने त्याला खांद्याने ढकललं आणि क्लाइव्हला कॉलर धरून उभं केलं.

"दाखव," तो म्हणाला.

कंट्रोल रूममध्ये क्लाइव्हच्या तोंडातलं रक्त कीबोर्डवर ठिबकत होतं. त्याने इशाऱ्याची चौकट उघडली, चरक सुरू झाल्याचा खोटा संदेश दिला आणि चौकट मिटली. चरक दोन, थांबलेला.

"परत."

परत तेच. व्हिटोने पाच वेळा करायला लावलं. मग त्याने खुर्ची उचलून पडद्यावर घातली. काच फुटली, ठिणग्या उडाल्या, तरी हातात नुसता खुर्चीचा पाय उरेपर्यंत तो घालतच राहिला. मग वळून त्याने क्लाइव्हचा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि तो पाय वर उचलला. क्लाइव्हने हात सोडवून घेतला नाही.

 बऱ्याच वेळाने व्हिटोने खुर्चीचा पाय खाली टाकला.

"लिही," तो म्हणाला. "डगने त्याचा रिपोर्ट लिहायच्या आत."

क्लाइव्हने दोन पानं लिहिली, सही केली. डग धावत आला आणि कागद आपल्याकडे दे, नोकरीचा विचार कर, असं सांगू लागला. क्लाइव्हने कागद व्हिटोच्या हातात दिला. त्याच आठवड्यात क्लाइव्हला काढून टाकण्यात आलं. चौकशी त्या कागदावरून झाली आणि ठपका व्हिटोवर आला नाही.

मिल सोडण्याआधी, जबडा तारेने बांधलेला असताना, क्लाइव्ह इस्पितळात गेला. सांतोने त्याचं तुटक बोलणं ऐकून घेतलं. माफ केलं असं तो म्हणाला नाही.

"बाहेर दादा आहे ना?" त्याने विचारलं. "रोज येतो आणि जिन्यात बसून राहतो. नर्स सांगते. त्याला म्हणावं, आत ये."

क्लाइव्हने जिन्यात जाऊन निरोप सांगितला. व्हिटो उठला, पण दारापर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागला.