साध्या पाण्यातली पानं

ओढ्याच्या पाण्यातला झाडांचा रोग पकडायची आमची पद्धत उंदीर पकडण्यासारखीच आहे. आमिष लावायचं आणि वाट बघायची. आमिष म्हणजे कॅमेलिया या फुलझाडाची निरोगी पानं. ती जाळीच्या पिशवीत घालून ओढ्यात सोडायची. पाण्यात रोग असेल तर आठवडाभरात पानांवर काळे डाग उठतात. त्याच झाडाची थोडी पानं प्रयोगशाळेत साध्या पाण्यात ठेवलेली असतात. त्यांच्यावर मात्र डाग उठता कामा नये. उठला, तर रोग ओढ्यात असो नसो, आमच्या झाडात नक्की आहे.

आमचं झाड म्हणजे बाबांच्या अंगणातलं. आईनं लावलेलं. ती गेल्यापासून बाबा रोज सकाळी स्टूल टाकून त्याच्याशी गप्पा मारतात. माझ्याशी बोलतात त्यापेक्षा जास्त, आणि न चिडता. पिशव्याही बाबांच्याच हातच्या. जन्मभर शिंपीकाम केलं, आता गिऱ्हाईक उरलंय ते मी एकटी. मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्या, पण टाके असे की जणू ओढ्याला त्या घालून लग्नाला जायचंय.

या खेपेला साध्या पाण्यातल्या पानांवर डाग उठले. मी परत तपासलं. मग सहकाऱ्याला तपासायला दिलं. त्यानं सूक्ष्मदर्शकातून बघितलं आणि माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

असं झालं की काय करायचं ते मीच दारोदार सांगत फिरते. झाड मुळासकट काढा, जाळा, त्या जागी तीन वर्षं काही लावू नका. लोक तोंडावर दार आपटतात. एका आजींनी तर माझ्यावर पाण्याची नळी सोडली होती. ओलीचिंब होऊन परत येताना मी मनात म्हटलं होतं, झाडच तर आहे, एवढं काय! आता म्हण की, म्हटलं स्वतःला.

ओढ्यावरचं काम आटपून नेहमीसारखी बाबांकडे गेले. जेवताना सांगायचं ठरवलं होतं. नुसते घास गिळत राहिले. जेवणानंतर मी नेहमी सोफ्यावर डुलकी काढते. आज डोळा लागला नाही. उठून अंगणात आले, तर बाबा नळाशी बसून माझ्या पिशव्या धूत होते. ओढ्यातून नुकत्याच काढलेल्या, पानं वेगळी काढून रिकाम्या केलेल्या. गाडीतल्या झाकणाच्या बादलीत होत्या त्या. प्रयोगशाळेत ती बादली उघडतसुद्धा नाहीत, तशीच उकळायला जाते.

"बाबा, हे काय करताय?"

"आज झोपली नाहीस? पकडलंस म्हणायचं!" ते हसले. "अगं, शिलाई माझी आणि चिखलात लडबडलेली नेतेस लोकांसमोर? तू झोपलीस की दर वेळी धुऊन ठेवतो. कधी कळलं का तुला?"

नाही कळलं.

त्यांनी बादली उचलली आणि धुण्याचं पाणी बेतानं झाडाच्या बुंध्याशी ओतलं. "वाया कशाला घालवायचं? तुझ्या आईला आवडायचं नाही."

मी पुढे होऊन नळ घट्ट बंद केला.

"बाबा, झाडाला रोग लागलाय."

त्यांनी बादली खाली ठेवली. "कुठून?"

मी वर्षभर त्यांना या रोगाबद्दल भंडावून सोडलं होतं. पाण्यातून जातो, चिखलातून जातो, बुटांना चिकटून जातो. सगळं जेवताना, तोंडात घास असताना.

"वाऱ्यानं," मी म्हटलं.

बाबांनी हातातल्या पिशवीकडे बघितलं. ती घट्ट पिळली, झटकली आणि दोरीवर नीट वाळत घातली.

"बरं," ते म्हणाले. "काढावं लागेल?"

"मुळासकट."

"आणि नवीन?"

"तीन वर्षांनी."

"मग ते तू लाव," बाबा म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी आपलं स्टूल आणलं.

झाड तोडायला माणसं आली त्या दिवशी मी सुट्टी घेतली होती. मुळं निघता निघेनात. पानं पेटली तेव्हा तडतड आवाज करत होती. शेजारची बाई कुंपणाशी येऊन हळहळली. "काका, एवढं चांगलं झाड! कसं हो झालं?"

"वाऱ्यानं आला म्हणे रोग," बाबा मोठ्यानं म्हणाले. "आमची पोरगी त्यातली जाणकार आहे, ती सांगते ते खरं. वाऱ्याला कोण अडवणार?"

मी मनातल्या मनात हुश्श केलं. खपलं, म्हटलं. जन्मात एक खोटं धड बोलता आलं.

माणसं गेली. अंगणात नुसता खड्डा आणि राख. बाबा त्यांच्या नेहमीच्या जागी स्टुलावर बसले, खड्ड्याकडे तोंड करून. मी त्यांच्या शेजारी खाली बसले. बराच वेळ ते आपल्या हातांकडे बघत होते, उलटे, सुलटे.

"शेजारणीला वाऱ्यानं म्हणून सांगितलं," ते हळूच म्हणाले. "पण तुझ्या आईला काय सांगू गं?"